नवतपा, रोहिणी आणि एक हरलेले मत

मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि आमच्या गोंदियात नवतपा बसतो. पंचांगात रोहिणीचा मुक्काम याहून लांब असतो. परंतु तपण्याचे म्हणून पहिले नऊ दिवस राखून ठेवलेले आहेत. हे नऊ दिवस कडक गेले तर पुढे पाऊस चांगला, मध्येच शिंतोडे आले तर नवतपा गळला आणि धानाचे काही खरे नाही, असा इकडचा जुना हिशेब. त्यामुळे घामाने निथळणारा मनुष्यसुद्धा 'यंदा पाहिजे तसे तपत नाही' अशी तक्रार करताना आढळतो. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना याचे मोठे नवल वाटते. दुपारी बाजारपेठ अर्धी मिटलेली असते, माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून कामापुरती बाहेर पडतात, आणि घराघरांतून कूलरची एकसुरी घरघर चालू असते. या घरघरीत एक मोठा गुण आहे. ती जगातले इतर सर्व आवाज गिळून टाकते.

गेल्या नवतप्यात आम्ही या घरघरीच्या आधाराने एक व्रत घेतले. नऊ दिवस वर्तमानपत्र उघडायचे नाही, बातम्यांची वाहिनी लावायची नाही, कोणत्याही पक्षाविषयी चांगले अथवा वाईट बोलायचे नाही. सकाळ-दुपार वाचन करायचे आणि रात्री वहीत चार ओळी लिहायच्या, एवढेच. हेतू अर्थातच मनःशांती. गेली काही वर्षे आमच्या वयाच्या आणि आमच्या आर्थिक स्तरातील मंडळींना मनःशांतीचा जो ध्यास लागलेला दिसतो त्यापासून आम्हीही मुक्त नाही. फरक इतकाच की, इतर लोक त्यासाठी शिबिराचे शुल्क भरतात आणि आम्ही ती कपाटातल्या पुस्तकांत फुकट शोधायला निघालो होतो. राजकारण नसले की जे उरते ती शांतता, अशी आमची सोपी व्याख्या होती. ही व्याख्या आमची एकट्याची नाही. 'मला राजकारणात रस नाही' हे वाक्य मराठी साहित्यिक मुलाखतींत इतक्या अभिमानाने उच्चारले जाते की, ते सुसंस्कृतपणाचे प्रमाणपत्रच होऊन बसले आहे.

पहिले तीन दिवस मारुती चितमपल्ली वाचले. गोंदिया जिल्ह्यात राहून उन्हाळ्यात दुसरे काय वाचणार? उर्वरित महाराष्ट्राला आमच्या या पूर्व टोकाची जी काही ओळख आहे ती बरीचशी त्यांच्यामुळे. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले, त्या तळ्याच्या काठी त्यांनी पक्षी पाहिले, आणि स्थानिक माणसांच्या तोंडी असलेली पशुपक्ष्यांची, झाडांची नावे कष्टाने गोळा करून मराठीच्या पदरात टाकली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. 'चकवाचांदण' पुन्हा वाचताना आम्हांस जाणवले की, या लेखकाची शांतता उसनी नाही. ती वर्षानुवर्षे पहाटे उठून, गप्प बसून, पाहून कमावलेली आहे. तिच्याविषयी आम्हांस कोणतीही शंका घ्यावयाची नाही.

शंका आहे ती आमच्याविषयी, म्हणजे वाचकांविषयी. आम्ही ही पुस्तके कशी वाचतो? कूलरसमोर पडून, पन्ह्याचा पेला उशाशी ठेवून, अरण्य म्हणजे माणसांपासून सुटका अशा समजुतीने. वास्तविक त्याच पुस्तकांत माणसांची दाटी आहे. वाटाडे आहेत, धीवर आहेत, गोंड म्हातारे आहेत. लेखकाला जे कळले ते त्यांनी सांगितले म्हणून कळले, हे तो लपवीत नाही. आम्ही मात्र त्यांच्या मुखातले पक्षी तेवढे वेचून घेतो आणि माणसे गाळतो. नवेगावचा तलावसुद्धा आमच्या लेखी निसर्ग असतो. तो कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. म्हणजे ते जलाशयाचे सौंदर्य हे मुळात धानाला पाणी मिळावे म्हणून केलेले मातीकाम आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. कोणाच्या बांधीला किती आणि केव्हा पाणी सुटायचे हे ठरविण्यासाठी गावाने नेमलेला पाणकर असे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, त्यांना 'माजी मालगुजारी' असे नाव पडले, त्याचे लोकांनी 'मामा तलाव' केले, आणि गाळ मात्र साचत राहिला. पाणी कोणाला आधी, हा प्रश्न शांततेचा की राजकारणाचा? आम्ही वहीत हा प्रश्न लिहिला आणि व्रताला बाधक म्हणून लगेच खोडला.

चौथ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी परतल्या. त्या दर मे महिन्यात माहेरच्या गावी तेंदूपत्ता तोडायला जातात. त्यांच्या सुट्टीचा हा हंगाम आम्ही इतकी वर्षे गृहीत धरलेला आहे की, त्यात विचारण्यासारखे काही असेल असे वाटलेच नव्हते. त्या दिवशी वाचायचा कंटाळा आला होता म्हणून विचारले. पहाटे तीनला उठायचे. उजाडायच्या आत जंगल गाठायचे. उन्हे चढेपर्यंत पाने तोडायची आणि दुपारी अंगणातल्या सावलीला बसून घरच्या सगळ्यांनी मिळून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे, तेथे मुंशी पान लहान, पान फाटके म्हणून पुडे बाजूला काढणार. मग ते पुडे उन्हात वाळत घालायचे. ज्या उन्हाची आम्ही येथे निंदा करीत होतो, त्याच उन्हावर त्या पंधरा दिवसांचा सारा खेळ. यंदा मध्येच वळवाचा पाऊस झाला. 'पाऊस आला त मंग पत्ता कोन घेते, भाऊ?' असे त्या म्हणाल्या. पैसे अजून यायचे होते.

वाघाचे भय वाटत नाही का, हा प्रश्न आम्ही शेवटी विचारलाच. त्यांनी उत्तर दिले नाही. विळीवरची भाजी चिरत राहिल्या. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या होत्या, हे आम्हांस आठवत होते, तसे त्यांनाही ठाऊक असणार. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आहे. आमच्या पुस्तकातले अरण्य आणि मावशींचे अरण्य यांच्यात फार तर काही मैलांचे अंतर असेल. पण एकाच वैशाखात, एकाच पहाटेच्या प्रहरी, एकजण तेथे पक्षी ऐकायला जातो आणि दुसरी पुडे भरायला. पहिल्याच्या अनुभवाला मराठीत ललित गद्य म्हणतात. दुसरीच्या अनुभवाला महाराष्ट्रात १९६९ चा वनोपज व्यापार नियमन कायदा लागतो आणि २००६ चा वनहक्क कायदा लागतो. या दुसऱ्या कायद्याच्या बळावर गोंदिया-गडचिरोलीकडच्या काही ग्रामसभांनी ठेकेदाराची वाट न पाहता आपल्या पानाचा लिलाव आपणच करण्याचा प्रयोग गेल्या दशकात केला. मावशींचे माहेर त्यांत नाही. का नाही, याचे उत्तर देताना त्यांनी दोन पुढाऱ्यांची नावे घेतली आणि आम्ही व्रताची आठवण होऊन उठलो.

उठून जावे कोठे? अंगणात शेजारचे गृहस्थ आरामखुर्ची टाकून बसले होते. ते निवृत्त शिक्षक, निवडणुकीच्या कामाचा दांडगा अनुभव. नवतप्याचा विषय निघाला की, त्यांना हटकून २०१८ आठवते. त्या वर्षी भंडारा-गोंदिया मतदारसंघाची पोटनिवडणूक ऐन नवतप्यात, चौथ्या दिवशी, म्हणजे २८ मे रोजी आली. नाना पटोले यांनी खासदारकीचा राजीनामा दिला होता. मतदानाच्या दिवशी ठिकठिकाणी यंत्रे बंद पडू लागली. उष्णतेमुळे बिघाड झाला असे कारण त्या वेळी पुढे आले, त्यावर आरोप-प्रत्यारोप झाले, आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. राष्ट्रवादी काँग्रेसचे मधुकर कुकडे निवडून आले. शेजाऱ्यांना त्यातले राजकारण फारसे आठवत नाही. आठवते ते हे की, केंद्रासमोर रांगेत उभी असलेली एक म्हातारी डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली होती, 'मशीनलेबी ऊन लागलं का जी?' आणि ती परत फिरली नव्हती. दुसऱ्यांदा येऊन उभी राहिली होती.

व्रत येथेच तांत्रिकदृष्ट्या मोडले असे कोणी म्हणू शकेल. आम्ही मात्र अशी पळवाट काढली की, जुनी निवडणूक म्हणजे इतिहास, आणि इतिहासाला आमची बंदी नव्हती. या पळवाटेनेच आम्ही आणखी मागे, १९५४ पर्यंत पोहोचलो. आणि जे सांगण्यासाठी हा प्रपंच मांडला आहे ते तेथे सापडले.

त्या वर्षीच्या ऐन उन्हाळ्यात भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते (आमचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ चा) आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात. राखीव जागेवर उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या वयाला ६३ वर्षे पूर्ण झाली होती, मधुमेहाने शरीर पोखरले होते, पायांच्या दुखण्याने चालणे अवघड झाले होते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून तीन वर्षे होत आली होती, १९५२ ला मुंबईत लोकसभेला पराभव झाला होता. राज्यसभेचे सदस्यत्व हाताशी असताना या मनुष्याने झाडीपट्टीच्या उन्हात मते मागायला यावे, याला मनःशांतीच्या शिबिरात काय म्हणतील कोण जाणे. निवडणुकीत ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. मतदारसंघ द्विसदस्य होता, प्रत्येकाला दोन मते होती, आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. आंबेडकरी चळवळीतील जुनी मंडळी एक गोष्ट सांगत आली आहेत. अनुयायांनी आपले दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते वाया घालवावे, म्हणजे हिशेब जुळेल, असा सल्ला बाबासाहेबांना दिला गेला. आणि पराभव झाला तरी चालेल, परंतु ज्याने राज्यघटना घडविली त्याने मत वाया घालवा असे सांगणे शक्य नाही, असे म्हणून त्यांनी तो नाकारला.

ही गोष्ट आठवली म्हणून सहाव्या दिवशी आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' कपाटातून काढले. हे पुस्तक आम्ही पूर्वी वाचले होते, पण ज्या रीतीने धर्मग्रंथ वाचतात त्या रीतीने, म्हणजे आदराने आणि बेसावधपणे. या खेपेस पहिल्याच भागात अडखळलो.

सिद्धार्थाने घर का सोडले? आम्हां सर्वांना शाळेपासून पाठ असलेले उत्तर असे की, त्याला एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत दिसले. बाबासाहेबांना हे उत्तर पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर म्हातारा अथवा प्रेत पाहिलेच नव्हते यावर कोण विश्वास ठेवील, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. ते दुसरीच घटना पुढे ठेवतात. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून एक नदी वाहत होती. दोघेही तिचे पाणी शेतीला घेत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दर हंगामात भांडणे होत आणि एकदा ती हातघाईवर आली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ या संघाचा सभासद होता. त्याने ठरावाला विरोध केला आणि उपसूचना मांडली: दोन माणसे आपण निवडू, दोन कोलियांनी निवडावी, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदान झाले. प्रचंड बहुमताने सिद्धार्थ हरला. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा त्याने सैन्यात जाण्यास नकार दिला. बहुमताचा निर्णय न मानल्याची शिक्षा त्याला भोगावी लागणार होती. घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती हा त्यातलाच एक मार्ग होता. घरच्यांना शिक्षा नको, अपराध माझा आहे, असे सांगून त्याने परिव्राजक होऊन देश सोडण्याचे स्वतःच सुचविले.

त्या नदीचे नाव रोहिणी.

नवतप्याच्या सहाव्या दिवशी, रोहिणी नक्षत्राच्या उन्हात, तलावांच्या जिल्ह्यात बसून हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ नुसते बसून राहिलो. (कोलिय आणि आमच्याकडचे तलाव बांधणारे कोहळी यांच्या नावांतले साम्य हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कोणी व्युत्पत्तीचे मनोरे रचू नयेत.) बुद्धाच्या शांतीच्या शोधाचा आरंभ या लेखकाने कोठे केला आहे? एका सभागृहात. पाणीवाटपाच्या तंट्यात. हरलेल्या मतात. भंडाऱ्याच्या पराभवातून हे प्रकरण जन्मले असे आमचे म्हणणे नाही. या ग्रंथाचे लेखन १९५१ पासून चालू होते आणि १९५६ मध्ये पुरे झाले. पण मुंबईत आणि भंडाऱ्यात मते मोजली जात असण्याच्या काळात ज्याच्या टेबलावर हे हस्तलिखित होते, त्याने आपल्या नायकाला तळ्याकाठच्या एकांतात नव्हे तर अल्पमतात उभे केले, ही गोष्ट लहान नाही. परंपरेतला सिद्धार्थ जगाचा वीट येऊन निघतो. हा सिद्धार्थ जगाशी झालेला वाद बरोबर घेऊन निघतो.

यापुढे जे येते ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याची चर्चा क्वचित ऐकू येते. सिद्धार्थ निघून गेल्यावर त्याला बातमी कळते की, शाक्य-कोलियांत समेट झाला, युद्ध टळले, लोकांनीच संघाला नमविले. आता तो घरी परतू शकतो. त्याचेच मत अखेर खरे ठरले आहे. आमच्यासारखा मनुष्य असता तर आनंदाने परतला असता आणि जन्मभर 'मी तेव्हाच सांगितले होते' असे सांगत बसला असता. सिद्धार्थ परतत नाही. तो विचार करतो की, युद्ध हा एका मोठ्या संघर्षाचा केवळ एक भाग आहे. राजाराजांतला संघर्ष कधीमधी पेटतो, परंतु वर्गावर्गांतला संघर्ष नित्य चालू आहे आणि जगातल्या दुःखाचे मूळ तेथे आहे. त्याचे उत्तर शोधल्याखेरीज त्याला परतायचे नाही. बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वीचा हा टप्पा आहे, हे ध्यानात घ्यावे. आम्ही ज्याला राजकारण म्हणून नवतप्यात वर्ज्य केले होते, तो प्रश्न येथे शांतीच्या वाटेत आडवा आलेला नाही. तीच वाट आहे.

हे लिहिणारा मनुष्य त्या उन्हाळ्यानंतर काय करीत होता? १९५४ मध्येच तो दोनदा ब्रह्मदेशाला गेला, ३ ऑक्टोबरला आकाशवाणीवरून त्याने आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानाचे मूळ बुद्धाच्या शिकवणीत असल्याचे सांगितले, २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंच्या समुदायात दीक्षा घेतली आणि दिली. भंडारा-गोंदियाच्या वाड्यावस्त्यांतूनही माणसे गेली; ज्या जिल्ह्याने त्याला पाडले होते त्याच जिल्ह्यातून. ग्रंथ छापून आला तेव्हा, १९५७ मध्ये, लेखक हयात नव्हता. आमच्या आमगावजवळचे पदमपूर हे भवभूतीचे जन्मस्थान अशी इकडची श्रद्धा आहे. समकालीनांनी नाकारले तरी काळ अमर्याद आहे, कधीतरी समानधर्मा जन्मेल, असा भरवसा त्याने 'मालतीमाधवा'च्या आरंभी बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी बोलून दाखविला. आम्ही ही उक्ती स्नेहसंमेलनांत वापरून वापरून गुळगुळीत केली आहे. पोटनिवडणूक हरलेल्या आणि अपुऱ्या प्रकृतीनिशी हस्तलिखित पुरे करीत बसलेल्या मनुष्याला ती लावून पाहावी, मग तिचे वजन कळते.

हे सर्व वाचून आम्हांस मनःशांती लाभली का, असे कोणी विचारील. सातव्या दिवसाच्या टिपणात आमच्या हस्ताक्षरात एवढेच आहे की, रात्री वीज दोनदा गेली, कूलर बंद पडला, आणि बाहेर बरेच आवाज आहेत असे आढळून आले. कोठेतरी उन्हाळी धानाच्या मळणीचे यंत्र चालू होते. खरेदी केंद्रावर बारदाना नसल्याची तक्रार करीत दोघे रस्त्याने चालले होते. एरवी आम्ही असल्या बोलण्याला कोलाहल म्हणतो.

आठव्या दिवशी मावशींनी काम आटोपल्यावर पिशवीतून एक मळके कार्ड काढून समोर ठेवले. त्यावर तारखा होत्या, पुड्यांचे आकडे होते, मुंशीच्या सह्या होत्या. मागच्या हंगामाची बाकीसुद्धा अद्याप मिळालेली नव्हती. गावच्या आठ बायकांची हीच अवस्था होती आणि कोणीतरी अर्ज लिहून द्यायला हवा होता. आम्ही वहीतलेच एक पान फाडले. सत्तर पानांचा एक या हिशेबाने आठ जणींचे पुडे मांडले, बेरीज दोनदा तपासली, कार्यालयाचा पत्ता शेजाऱ्यांकडून विचारून घेतला. अर्जावर तारीख घालताना ध्यानात आले की, नवतप्याचा आणखी एक दिवस बाकी आहे.